भरावाच्या मातीतलं कार्नेशन

तुम्ही खोटं बोललात.

जुन्या गावाच्या खालच्या अंगाला, खाडीलगतच्या खाजणाच्या काठी, ‘कोणतीही दफनभूमी आढळून आली नाही’ असं तुम्ही प्रकल्पाच्या कचेरीतून शिक्का मारून लिहून दिलंत. आढळणार कशी? तुमचा माणूस गाडीतून उतरलाच नव्हता. काच खाली केली, चिखलाचा वास आला, काच वर केली, झालं सर्वेक्षण. तुमचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही नोटीस धाडता आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. म्हणून नाव राहू दे. आमच्या गावातल्या रुचिराची गोष्ट सांगतो. मध्ये उठून जाऊ नका.

रुचिरा ही प्रितमची बायको. माहेर जासईचं, शिक्षण शेतकीचं. प्रकल्पासाठी गाव उठलं तेव्हा तिचे सासरे काशीराम यांच्या हाती विचुंब्याच्या कडेला एवढासा वरकस, हलक्या जमिनीचा तुकडा उरला. चारी बाजूंनी टॉवर चढत होते आणि मध्ये हा तुकडा पडलेल्या दाताच्या खाचेसारखा मोकळा. तिथे तिने पॉलिहाऊस उभारलं आणि कार्नेशन लावलं. पनवेलच्या उकाड्यात थंड हवेचं फूल म्हणजे म्हशीला पलंगावर निजवणं, असं सासूबाई शकू चारचौघांत म्हणायच्या, आणि संध्याकाळी स्वतःच पंख्यांसमोरचे ओले पॅड धुवायला यायच्या. एका टोकाला भिजलेले पॅड, दुसऱ्या टोकाला घरघरणारे मोठे पंखे. बाहेर सुरुंगांची धूळ, आत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. असं ते पॉलिहाऊस.

नुसती फुलं विकणं रुचिराच्या डोक्यात नव्हतं. तिला स्वतःचं वाण करायचं होतं. तांबूस कडेचा पिवळा रंग तिने मनाशी धरला होता. काम किचकट. कळी पुरती उमलायच्या आत पाकळ्या उघडून परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग मऊ कुंचल्याने टेकवायचे, वर कागदी पिशवी बांधायची. बोंड पिकलं की बी पेरायचं. बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं, सख्ख्या भावंडांसारखं. त्यातलं मनासारखं निवडायचं आणि त्याच्या फुटव्यांची कलमं करायची. कलम मात्र हुबेहूब आईसारखं. तिथे फरक पडत नाही. पडला तर चूक माणसाची, झाडाची नाही, असं तिला शिकवलं होतं.

या सगळ्याच्या आदल्या वर्षी तिची मुलगी गेली. पहिलीच. पाचवी पुजायच्या आत. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन जातात, आईला जागा सांगत नाहीत. काशीरामांच्या घरात तर पहिलं मूल असेल तर बापालाही नेत नाहीत. बापाने जागा पाहिली तर पुढचं पोर टिकत नाही म्हणतात. म्हणून काशीराम आणि शेजारचा विठू, दोघेच गेले. प्रितम ओट्यावर बसून राहिला. रुचिरा आत, छाती बांधून.

तिला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. जागा. तिथे जायचं नव्हतं, काही मांडायचं नव्हतं, फक्त कुठे ते कळायला हवं होतं. तिने सासऱ्यांना तेव्हाच विचारलं. ते म्हणाले, बायांना सांगत नाय. गाव उठताना तिने पुन्हा विचारलं, निदान ती जागा राहणार का? तेव्हा म्हातारा खात्रीने बोलला होता की साहेबांनी ती सोडलीय, कुंपण घालणार हायत. ते तुम्हीच त्याला सांगितलं होतंत. म्हाताऱ्याने विश्वास ठेवला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

प्रितमचे तीन डंपर होते. आपल्याकडे आता कुणाच्या दारात बैल नाही, डंपर आहे. आपलंच गाव खणून आपणच भराव टाकायचा, हे कामही आपल्यालाच मिळतं आणि आपण ते घेतो. खाजणकाठ खणायला काढला तेव्हा वर ओढ्याने आणून टाकलेली मळईची माती निघाली, काळी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी. बायको माती माती करत होती हे प्रितमच्या लक्षात होतं. त्याने एक डंपर घरी वळवला. रुचिराने त्यात तांबडी माती आणि भाताचं तूस मिसळून लांबलचक वाफा केला. नवऱ्याने आणलेली ती पहिली मनासारखी भेट होती, असं ती नंतर म्हणाली. ते म्हणताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

त्या वाफ्यात तिने पिवळ्या आणि पांढऱ्याच्या संकराची रोपं लावली. थंडीत कळ्या धरल्या. बहुतेक रोपं फिकट पिवळी फुलली, काही मळकट पांढरी. आणि मध्ये मध्ये, कुठल्याही क्रमाशिवाय, काही रोपांना निराळाच रंग आला.

ओहोटीनंतर खाजणाच्या चिखलावर जो चकाकता राखाडी-जांभळा थर दिसतो, तसा. पाकळीच्या मुळाशी मात्र नखाखाली असतो तसला गुलाबी.

असा रंग या संकरातून येत नाही. आईबापांत जो नाही तो कुठून आणणार? रुचिराने आधी रोग समजून पाहिलं. पानं निरोगी, मुळं पांढरीशुभ्र. मग तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. असलं फूल बंगळुरूच्या बागायतदारांकडेही नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. तिने कलमं काढायला घेतली. ती गुणगुणताना दिसली, असं शकूने प्रितमला सांगितलं.

दोन दिवसांनी शकू पॅड धुवायला आली आणि दारातच थबकली. तिने नाक वर केलं.

“कोन बालंत झालीय गो इथं?”

रुचिराला वाटलं सासूबाई चेष्टा करतायत. कार्नेशनला लवंगेचा वास असतो, तसलं काही असेल. ती वाकली. लवंग नव्हती. वेखंड, ओवा, शेपांची धुरी, आणि त्याखाली आंबूस दूध. बाळंतिणीच्या खोलीचा वास. त्या राखाडी फुलांनाच, बाकीच्यांना नाही. शकूने बादली तिथेच ठेवली आणि मागे वळून न बघता घरी गेली. त्यानंतर ती आत आली नाही.

रुचिरा अशाने घाबरणारी नाही. वासाला कारण असतं, म्हणाली. फुलं तपासताना बोट पाकळीला लागलं तेव्हा तिने ते मागे घेतलं आणि पॅडचं तापमान मोजायची बंदूक आणली. पानांचं माप बावीस आलं. पिवळ्या फुलांचंही तेवढंच. राखाडी फुलावर धरली तर सदतीस.

बंदूक बिघडली असेल म्हणून स्वतःच्या तळहातावर धरली. तेवढंच आलं.

कलमं मुळं धरून वाढली. काही तिने विकतच्या कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात लावली होती, काही तांबड्या मातीत, काही त्या वाफ्यातल्या मातीच्या कुंड्यांत. आई एकच, पाणी एक, खत एक. कोकोपीटमधली पांढरी फुलली. तांबड्या मातीतली पांढरी. बिनवासाची, गार. वाफ्यातल्या मातीची एक मूठ जिथे होती तिथेही काही कुंड्या पांढऱ्याच, पण काही राखाडी-जांभळ्या, आणि ऊबदार.

म्हणजे रंग झाडात नव्हताच. झाड फक्त तो वर आणत होतं.

तिने प्रितमला जेवताना विचारलं, ती माती नेमकी कुठली? खाजणाच्या काठची, त्याने सांगितलं. आतल्या खोलीतून काशीराम बाहेर आले. मग धोतराचा सोगा वर खोचून, चप्पल न घालता पॉलिहाऊसकडे चालू लागले. ऊन रणरणत होतं.

वाफ्याच्या एका कडेने म्हातारा सावकाश चालला, रुचिरा मागोमाग. पहिल्या राखाडी फुलापाशी थांबला.

“ही इठूची थोरली.”

पुढच्यापाशी थांबला. “हा पाटलांचा. सातव्याच महिन्यात झालेला.” मग पुढे. “ही तुझ्या आतेसासूची. नाव नव्हतं ठेवलेलं.” कुणाचंच नव्हतं. बारशाआधी गेलेली पोरं ती, बापाच्या नावानेच ओळखायची. काही फुलांपाशी त्याने नुसतेच हात जोडले. ती त्याच्या बापाच्या वेळची होती.

रुचिराने विचारलं, तुम्हाला कसं कळतं?

“नको इचारू.”

तिला विश्वास ठेवायचा नव्हता. तिने एक केलं. विठूच्या बायकोला, सुमतीला, फुलं न्यायला ये म्हणून बोलावलं आणि काहीही सांगितलं नाही. सुमती बडबडत आली, नव्या सोसायटीतल्या पाण्याच्या बोंबा, लिफ्ट बंद, सगळं सांगत. दारातून आत पाऊल टाकलं आणि बोलणं मधेच तुटलं. पिवळ्या फुलांकडे तिने पाहिलंही नाही. इतर राखाडी फुलं ओलांडत ती सरळ त्या एका रोपापाशी गेली, खाली बसली आणि फुलाखाली ओंजळ धरली. मान सावरायला धरतात तशी.

दिवेलागणीला विठू येऊन तिला धरून घेऊन गेला.

मग रुचिरा सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“बाबा, आपली कुठली?”

काशीरामांनी वाफा पुन्हा पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुंड्या पाहिल्या. काही कळ्या बोटांनी उघडून पाहिल्या.

“आपली हितं नाय.”

आपली कडेला होती, ते म्हणाले, ओढ्याच्या अंगाला, पुरायच्या नव्या जागेत. कड आधी खणली गेली होती. प्रितमच्या आधी. ते डंपर तुमच्या ठेकेदाराचे होते. कुठे गेले?

हेच विचारायला रुचिरा तुमच्याकडे आली होती. आठवतं का? बाकावर बसवून ठेवलंत. संध्याकाळी एक जण बाहेर आला आणि म्हणाला, मॅडम, माती म्हणजे माती, तिच्यावर काय नाव असतं? अर्ज द्या.

तिने अर्ज दिला नाही. तिने कलमं काढली.

भराव जिथे जिथे पडला तिथे ती पिशवी घेऊन गेली. बेलपाड्याच्या मागचं मैदान. टॉवरांच्या पायथ्याची हिरवळ. रस्त्याचा दुभाजक. शाळेमागचा खड्डा. कंटेनर यार्डाची कड. वॉचमन हाकलायचे, ती दुसऱ्या बाजूने शिरायची. मूठभर माती, एक कुंडी, एक कलम. पॉलिहाऊस कुंड्यांनी भरून गेलं. विक्रीची फुलं तिने उपटून टाकली. वाण, नोंदणी, सगळं सुटलं. प्रितमने डंपर विकायला काढले आणि तो मातीच्या पिशव्या वाहू लागला.

फुलं आली. पांढरी. रांगेच्या रांगा पांढऱ्या, गार, बिनवासाच्या.

दुभाजकातलं एक राखाडी आलं. काशीराम आले, पाहिलं, दुसऱ्या कुणाचंतरी नाव घेतलं. रुचिरा त्या पोराच्या आईला जाऊन सांगून आली. परत येऊन तिने पुढची कलमं लावली.

शेवटी एकच कुंडी फुलायची राहिली होती. त्या दिवशी तुमच्या बाकावरून उठून निघताना, फाटकापाशीच्या गुलाबाच्या वाफ्यातली मूठभर माती तिने रुमालात बांधून आणली होती. ती कुंडी परवा फुलली.

राखाडी-जांभळी. मुळाशी गुलाबी. बंदुकीने सदतीस दाखवलं.

रुचिरा ओणवी झाली आणि तशीच मागे सरली. वेखंड नव्हतं, दूध नव्हतं. बिडी होती. खोबरेल होतं. घामाने भिजून वाळलेल्या सदऱ्याचा वास होता.

काशीरामांनी फुलावर हात धरला आणि लगेच काढला.

“ही मी पुरलेली नाय. आमच्या गावचं बी नाय कुनी.”

काढलेला हात धोतराला पुसत ते हळू म्हणाले.

“आनि हे पोर नाय गो.”

आमची पोर कुठल्या टॉवरखाली गेली हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला ते माहीत नाही, एवढं आता आम्हाला कळलंय. रुचिरा माती आणायची थांबणार नाही, आणि तिला ती सापडणार नाही, हेही कळलंय. त्याचं उत्तर तुमच्यापाशी नाहीच.

पण ही माती तुमच्या फाटकातली आहे. त्या गुलाबांना रोज पाणी घातलं जातं. आत जाताना रोज तुम्ही त्यांच्यावरून हात फिरवता.

फूल अजून गरम आहे. तिथे कोण आहे, ते सांगा.