भावोजींना घेऊन जिना चढणारा

त्या वर्षी तापाची साथ आली आणि शाळा, नाट्यगृहं, व्यायामशाळा, सगळ्यांना कुलपं लागली. मी आत्याकडे राहत होते आणि खिडकीशी मशीन मांडून इस्पितळाच्या चादरी शिवत होते. इतकी वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे... धप्, धप्, धप्. वरच्या मजल्यावर कुणीतरी उड्या मारत होतं आणि प्रत्येक उडीला माझी शिवण वाकडी जात होती.

"जा गं, विचार त्याला, जमिनीवर कसला राग आहे," आत्या म्हणाली.

दार उघडलं ते घामानं निथळणाऱ्या एका उंच तरुणानं. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या.

"आमच्या डोक्यावर मिरे वाटताय तुम्ही," मी म्हणाले.

"माफ करा... व्यायामशाळा बंद आहे ना." त्यानं बादल्या इतक्या अलगद खाली ठेवल्या, की माझा अर्धा राग तिथंच ओसरला.

"मग थोडा आराम करा."

"अग्निशमन दलाची परीक्षा आहे. खांद्यावर माणूस घेऊन जिना चढायचा. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही."

"आणि माणसाऐवजी बादल्या?"

"साथीत खांद्यावर कोण येणार?" तो हसला. "तुम्ही येता?"

माझी कानशिलं तापली. मी तडक खाली आले.

पण बादली हिंदकळते, माणूस लोंबकळतो. कपडे बेतणारीला एवढं कळतं. मी जुनं ताडपत्रीचं कापड काढलं, हातपाय, पोट, मान बेतली आणि रेती भरून अख्खा माणूस शिवला.

"दिवसभर नुसता पडून असतो, अगदी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यासारखा," आत्या म्हणाली. तेव्हापासून तो रेतीचा माणूस भावोजी झाला.

रोज दुपारी वरचा तो तरुण भावोजींना खांद्यावर घेऊन जिना चढायचा. मी अंतर राखून वरच्या पायऱ्यांवर उभी.

"मान सांभाळा त्यांची."

"तुम्हाला काळजी फक्त त्यांचीच."

"माझ्या हातचे आहेत ते."

"नशीबवान आहेत," तो धापा टाकत म्हणायचा, आणि मी उगाच जिन्याच्या खिडकीबाहेर बघायचे.

एकदा रेती सांडते म्हणून आम्ही भावोजींना चादरीत गुंडाळलं. तळमजल्यावरच्या मास्तरांनी ते पाहिलं आणि टोपी काढून हात जोडले. बघता बघता दारं उघडली, नाकाला रुमाल लावून सगळे जिन्यात गोळा झाले.

"कोण गेलं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"भावोजी," आत्या गंभीरपणे म्हणाली.

मास्तरांचे डोळे भरले. तेवढ्यात भावोजींचा पाय उसवला आणि रेतीची धार थेट त्यांच्या चपलांवर पडली. मास्तरांनी चपलांकडे पाहिलं... आणि तेच आधी हसले. कित्येक दिवसांनी त्या जिन्यात कुणी हसत होतं. तो मात्र हसत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी मी पाय शिवायला बसले. तो दाराबाहेर पायरीवर टेकला.

"पास झालो तर लांबच्या शहरात नेमणूक आहे," तो म्हणाला.

माझी सुई थांबली. परीक्षा तोंडावर आली होती. पाय तसाच राहिला असता तर सराव बुडाला असता... पण मी दुहेरी टीप घातली. तो जाणार हे कळूनही, घट्ट.

परीक्षा देऊन तो परतला, तेव्हा मी जिन्यातच उभी होते.

"झालो पास. उद्या निघायचंय."

"छान झालं," मी म्हणाले.

"आत्याबाईंना खिडकीतून विचारलं आत्ता. त्या हो म्हणाल्या."

"काय विचारलं?"

"तेच... जे तुम्हाला विचारायचा धीर होत नाही."

"एवढे जिने चढलास," मी म्हणाले, "आता विचारून तर बघ."

तो एक पायरी वर आला. मग आणखी एक. साथ अजून पुरती ओसरली नव्हती, पण मी मागे सरले नाही.