चार मांजरं आन् एक माळकरी

या, बसा असं. पाय वर घ्या, खाली वल हाय. तुमाला एक मांजरांची गोष्ट सांगतो. नाक मुरडू नका! मांजरांची हाय तशी ती एका बाईची आन् एका गड्याचीबी हाय. मला काय रंगवून सांगता येत न्हाई, जसं झालं तसं सांगनार.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्याला चारेक वर्सं झालती. लोनावळ्यात टेसनाच्या मागं प्रमोदिनीबाईंचा बंगला व्हता. बंगला म्हंजी तीन खोल्या, वर कौलं आन् मागं परस. बाई पुन्याला पोरींच्या शाळंत मास्तरीन व्हत्या, आता म्हातारपनी हितं ऱ्हायला आलत्या. घरात त्या, कामाला मुक्ता, आन् चार मांजरं.

मुक्ता इंदुरीकडची, कुनब्याची लेक. बावीस वर्सांची. लगीन झालतं, पन दादला मुंबैला गिरनीत गेला आन् मानमोडीत तिकडंच सरला. त्याचं तोंडबी तिला धड आठवत नव्हतं. आता तिचा भाऊ दत्तोबा तिचा पाट लावाया निघालता. विधवेचं दुसरं लगीन, त्याला आमच्यात पाट म्हनत्यात. दत्तोबानं बघितल्याला नवरा पन्नाशीचा, पदरी तीन पोरं, आन् तोंडात दात मोजून दोन. मुक्तानं बाईंचं पाय धरलं.

बाई म्हनल्या, "हे बघ, मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला चाललेय. पंधरा दिवसांनी येईन. चारही मांजरं धडधाकट दिसली, तर तुझ्या भावाला मी सांगेन, की ही पोर घर सांभाळते, हिला जबरदस्तीने कुठे न्यायचं नाही. पण एखाद्याचं काही बरंवाईट झालं, तर मी कोणत्या तोंडानं सांगू?"

आता चार मांजरं म्हंजी चार तऱ्हा. मुक्ताला वाचता येत नव्हतं, म्हनून बाईंनी ज्याचं त्याचं भांडं ठरवून दिलं. सुभेदार बोका म्हातारा, दात पडल्याला. त्याला करवंटीत गुरगुट्या भात आन् कुस्करल्याला बोंबील. गुलछबू असा जाडा की चालताना पोट जिमिनीला लागायचं. त्याला मातीच्या परळात चतकोर भाकरी ताकात, वर कनबी न्हाई. चांदनी गाभन, तिला जर्मनच्या वाडग्यात दूध, मागंल तितकं. आन् काजळी... काळीभोर, काटकुळी, पोटाची नाजूक. दुधाचा थेंब गेला की हगवन लागलीच. तिला पितळी ताटलीत भात आन् बोंबलाचं पानी.

बाई सोवळ्याच्या. घरात बोंबील आनायची सोय न्हाई. म्हनून परसात, पार कडंला, तीन दगडांची येगळी चूल मांडली व्हती. चौघांना चार कोपऱ्यांत बसवायचं आन् मधी मुक्ता केरसुनी घिऊन हुबी. गुलछबूनं चांदनीच्या वाडग्याकडं नुसतं बघितलं, की केरसुनी आपटायची.

बाई सकाळच्या गाडीनं गेल्या. तासाभरात परसाचं फाटक वाजलं. रतिबाचं दूध तुंगार्लीचं बजरंगआबा आनायचं, म्हातारं मानूस. पन आज फाटकात तरना गडी. उच्चापुरा, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर इरलं, इरल्यावरनं श्रावनाची झिमझिम गळतीया... आन् गडी एका पायावर हुबा. दुसऱ्या पायाखाली काजळी घोटाळत व्हती.

"आबांचा पाय मुरगळलाय. मी त्यांचा ल्योक, भिमाजी," त्यो म्हनला. "बाई, ही मला पाय टेकू देईना."

"टेकू नका. तिची शेपूट हाय तितं."

"मग दूध कसं घालू?"

"तसंच वता की. बगळा न्हाई का एका पायावर मासा धरत?"

"बगळ्याला सांगा. आमी माळकरी, माशाला शिवत न्हाई."

मुक्ताला हसू आलं. हसू दाबाया तिनं पदर तोंडाला लावला, तशी हातातली चरवी कलंडली आन् दूध पायरीवर. गुलछबू तितं आदीच हजर!

दुसऱ्या दिशी भिमाजी जरा लवकर आला. तिसऱ्या दिशी जरा उशिरा गेला.

"तुमच्या म्हशी आज उपाशीच दिसत्यात," मुक्ता म्हनली.

"का वो?"

"त्यांचा धनी हितंच हुबा हाय की घटकाभर."

"पाऊस थांबंस्तवर हाय."

"पाऊस कवाच थांबलाय."

त्यानं वर बघितलं, इरलं काढलं, झटाकलं... "व्हय की," म्हनला, आन् तरी हुबाच.

समदं गोड चाललतं. पन सहाव्या दिशी काजळीचं पोट बिघडलं. मुक्तानं पितळी ताटली राखेनं तीनदा घासली, भात इस्तवावर पुन्यांदा शिजवला. उपेग न्हाई. सातव्या दिशी काजळी कोपऱ्यात मुटकुळं करून पडली. आठव्या दिशी फाटक वाजलं, तशी ती धडपडत उठली आन् भाईर गेली. मुक्ताला नवल वाटलं. ती केळीच्या आडनं बघाया लागली.

भिमाजी उकिडवा बसल्याला. तळहाताची वंजळ केल्याली, वंजळीत दूध. "पी गं. समद्यांना मिळतं, तुलाच तेवढं न्हाई. सावत्र हायीस जनू!"

"कोन सावत्र?"

भिमाजी असा दचकला की दूध त्याच्याच धोतरावर.

"तिला दूध चालत न्हाई!" मुक्ताचा आवाज चढला. "मरंल ती! किती दिस घालताय?"

"तीन... चार. वाळल्याली दिसली. मला वाटलं, तुमी पंगतीला भेद करताय."

"आवो, मग इचारायचं!"

"इचारलं असतं तर तुमीच घातलं असतं," भिमाजी मान खाली घालून म्हनला. "मग मला फाटकाशी थांबाया निमित्त कुटलं?"

दुसरा येळ असता तर मुक्ता लाजली असती. आता तिचं डोळं भरलं. बाईंची अट, दत्तोबा, दोन दातांचा नवरा, समदं तिनं एका दमात सांगून टाकलं. भिमाजीचा चेहरा उतारला.

"काय करू सांगा."

"भाताला ती तोंड लावीना. बोंबलाच्या पान्यानं उठंल. पन बोंबील काल सरलं, आन् चांदनीला कळा लागल्यात. मला हलता येत न्हाई."

भिमाजीनं गळ्यातल्या माळंला हात लावला. मंग म्हनला, "बाजारात कुटल्या बाजूला मिळत्यात?"

आन् गेला की गडी! बोंबलाची जुडी त्यानं काठीच्या टोकाला बांधली. काठी हातभर म्होरं धरल्याली, तोंड एका बाजूला फिरवल्यालं, नाकाला उपरनं. आन् मागनं बाजारातली सात-आठ मांजरं शेपट्या वर करून चालल्याली. लोक दुकानातनं उठून बघाया लागले. कोंडाजी न्हावी वराडला, "काय रं भिमा, माळ उतारली काय?"

"उतारली न्हाई. जरा बाजूला बघाया सांगितलंय तिला."

परसात चूल पेटंना. लाकडं वली. मुक्ता एकदा चांदनीकडं पळती, एकदा चुलीकडं. शेवटाला भिमाजीच फुंकनी घिऊन बसला. वर बोंबील उकळतोय, खाली माळकरी फुंकतोय, डोळ्यांतनं पानी.

"वास लय येतोय?" मुक्तानं इचारलं.

"येतोय."

"मग जावा की."

"चूल इझंल."

तिनं पितळी ताटलीत पानी वतलं, निववलं, काजळीच्या नाकाशी धरलं. आदी एक कान हालला. मंग मिशा. मंग ती उठली आन् ताटली चाटूनपुसून साफ केली. भिमाजी तिच्याकडं बघत नव्हता. मुक्ताकडं बघत व्हता. तिलाबी ते कळलं... पन आत चांदनी वराडली, आन् दोघंबी पळाली. तीन पिल्लं झाली.

दुसऱ्या दिशी दूध घिऊन बजरंगआबाच आलं, लंगडत. मुक्तानं चरवी म्होरं केली.

"पोरानं माझ्या काठीला बोंबील बांधलं म्हनं."

"मांजरीसाठी, आबा. ती आजारी व्हती."

"मांजरीसाठी?" म्हाताऱ्यानं तिला निरखून बघितलं. "तू खातीस का म्हावरं?"

न्हाई म्हनली असती तर चाललं असतं. तिला ते ठावं व्हतं.

"खाती, आबा. मिळालं तर आवडीनं खाती."

आबांनी माप वतलं आन् गेलं. फुडचं पाच दिस तेच आलं, काठी टेकत. मुक्ता रोज फाटक वाजलं की पदर सावरायची, आन् रोज आबाच दिसायचं. चौघांची भांडी ती न चुकता भरायची. सोताच्या ताटातलं मात्र तसंच ऱ्हायचं.

पंधराव्या दिशी बाई आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. मागनं दत्तोबाबी आला, बैलगाडी घिऊनच. बाईंनी एकेक मांजर मांडीवर घिऊन चाचपलं. काजळीशी त्यांचा हात थांबला.

"ही हलकी लागते."

"पोट बिघडलतं तिचं. दूध गेलतं पोटात," मुक्ता म्हनली. कुनाच्या हातनं, ते सांगितलं न्हाई. "आता बरी हाय."

बाई म्हनल्या, "लपवलं नाहीस, बरं केलंस. दत्तोबा, ही इथेच राहील."

"बाई, तुमचं खरं," दत्तोबा म्हनला. "पन तरन्या बहिनीनं जलमभर मांजरंच सांभाळायची व्हय? घर नगं तिला?"

त्याचंबी खोटं नव्हतं. तेवढ्यात फाटक वाजलं.

भिमाजी. दुधाची कासंडी हातात, पाय चिखलानं भरल्यालं. दत्तोबाकडं बघितलं न्हाई, बाईंकडं न्हाई.

"मुक्ता... आमच्या घरात म्हावरं येत न्हाई."

"ठावं हाय."

"म्हनून परसात तीन दगड मांडल्यात. दुसरी चूल."

"आन् आबा?" मुक्तानं इचारलं.

"दगड आबांनीच आनलं वड्यातनं. मला म्हनलं, तुला सरळ मांडता यायची न्हाई."

मुक्तानं पदर तोंडाला लावला. पन आता ती हसू दाबत नव्हती.

"फुकायला कोन बसनार?" ती म्हनली.

"मीच की. नाक धरून."

दत्तोबा बैलगाडी रिकामीच घिऊन गेला. गडी बिनलग्नाचा आन् बायको विधवा, म्हनून आमच्या रितीनं आदी त्याचं रुईच्या झाडाशी लगीन लावलं, मंग मुक्ताशी पाट. बाईंनी आंदन दिलं एक काळं पिल्लू, काजळीसारखंच पोटाचं नाजूक, आन् वर ती पितळी ताटली.

तुमी उद्या तुंगार्लीवरनंच जानार ना? परसात दोन चुलींचं घर दिसंल, त्येच. त्या पिल्लाच्या वंशातलं काळं मांजर तुमच्या पायात घोटाळंल, लय केविलवानं तोंड करंल. तेवढं ऐका माझं, त्याला दूध घालू नका.