पुसलेली टेप

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे.

वार बुधवार. भर दुपारचे अडीच. रेडिओचा दोन नंबरचा स्टुडिओ.

तिथून एचआयव्हीवरचा कार्यक्रम लागायचा. आधी तो एक बाई करायच्या; सगळे श्रोते त्यांना ताई म्हणत. त्यांना स्वतःला एचआयव्ही होता आणि त्या ते माईकवर सांगायच्या. शेवटी नेहमी म्हणायच्या, "तपासणीला घाबरू नका. मी दारात उभी आहे."

ताई गेल्या. कार्यक्रम मावशीकडे आला.

पत्रं मात्र ताईंच्याच नावाने येत राहिली. मावशीचा नुसता जळफळाट व्हायचा. आवाज हिचा गोड, उच्चार हिचे स्वच्छ... आणि कौतुक मेलेल्या बाईचं!

तेव्हा जुन्या टेप पुसून पुन्हा वापरत. ताईंची शेवटची टेप तेवढी कुणी पुसायची नाही, असं ठरलं होतं.

मावशीने मुद्दाम तीच पुसली. तिच्यावर आपला कार्यक्रम रेकॉर्ड केला. शेवटी म्हणायचं ताईंचं ते वाक्य गाळलं. नीट ऐकून पाहिलं.

सगळीकडे फक्त तिचाच आवाज.

बुधवारी ती टेप लागली. तासाभराने फोन वाजला. समोरच्या तपासणी केंद्रातली नर्स होती.

"अहो, काय जादू केलीत? बसायला बाकं पुरेनात!"

मावशी फुलली. "माझा कार्यक्रम ऐकून आले?"

"हो ना. सगळे म्हणतात... ताईंनी बोलावलं."

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. केंद्राच्या दारातूनच ओरडली, "अहो, तो आवाज माझा होता!"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

मग एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उठले. "ताई... आलात?"

नर्सच्या हातातला कागद गळून पडला. मावशीच्या तोंडून तिने वेगळंच ऐकलं होतं.

"घाबरू नका. मी दारात उभी आहे."

त्यानंतर मावशी माईकसमोर बसली नाही.

समोर बसून बोलली, की ती आपली मावशीच असते. पण फोनवर... ताईंना मी कधी ऐकलेलं नाही. तरी एवढं कळतं, की तो आवाज मावशीचा नाही.

परवाही तिने फोनवर विचारलं, "माझाच आवाज येतोय ना रे?"

मी म्हटलं, "हो."