इथंच बसलेय

रोज दुपारी रेडिओवरचे निवेदक विचारायचे, "काय मंडळी, बरी आहात ना?" आणि ओट्याजवळून काकू उत्तर द्यायच्या, "बरी आहे हो. तुमचा घसा बसलाय आज. गुळण्या करा."

"आई, त्यांना ऐकू जातं होय?" सून हसायची.

"नसेल जात. पण विचारलं की सांगावं गं."

एके दिवशी दुसराच आवाज आला. निवेदकांच्या घशात गाठ झाली होती, उद्या दुपारी शस्त्रक्रिया होती. काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि नेम धरला, ते पुन्हा बोलेपर्यंत आपणही बोलायचं नाही.

"चला, आमच्या कानांना सुट्टी!" सून म्हणाली खरी, पण दिव्यात तेल तिनंच घातलं.

दुसऱ्या दुपारी आभाळ दाटलं, वीज गेली. सून गच्चीवरचे कपडे काढायला धावली. घरात काळोख. मोरीतला नळ ठिबकत होता... टप्... टप्... कुठूनसा औषधांचा उग्र वास आला. बंद रेडिओ हलकेच खरखरला. आत कुणीतरी अडखळत श्वास घेत होतं. मग पुटपुटल्यासारखी हाक आली.

"चिमे... बोल ना..."

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. काका गेल्यापासून या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं.

बोललं तर नेम मोडणार. त्यांचं बरंवाईट झालं तर? पण ज्याच्यासाठी नेम, तोच अंधारात चाचपडत असेल, तर तोंड मिटून कसलं पुण्य पदरात पडणार?

"आहे हो," काकू म्हणाल्या. "इथंच बसलेय. घाबरू नका."

श्वास संथ झाला. रेडिओ गप्प झाला. सून आली तेव्हा काकू रडत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, "माझ्या हातून नेम मोडला गं..."

कित्येक आठवडे रेडिओवर परकाच आवाज होता. काकूंना घास गोड लागेना. आणि मग एका दुपारी...

"काय मंडळी, बरी आहात ना?"

आवाज घोगरा, पण त्यांचाच! काकूंचे डोळे भरून आले.

"भुलीच्या अंधारात बुडत होतो. एक बाई म्हणाल्या, 'इथंच बसलेय, घाबरू नका.' त्यांच्यामागे नळ ठिबकत होता. बाई, तेवढा दुरुस्त करून घ्या! आणि हो, मला तर हाकही मारता येत नव्हती. घशात नळी होती. तुम्ही आपणहून धावून आलात."

"बरी आहे हो," काकू रडतरडत हसल्या. "आजच नळवाल्याला बोलावते."

सून मात्र हसली नाही.

"आई... मग तुम्हाला हाक कुणी मारली?"

तिनं आधारासाठी रेडिओशेजारच्या, काकांच्या खुर्चीवर हात टेकला. सकाळपासून तिथं कुणी बसलं नव्हतं.

खुर्ची उबदार होती.