सातवा खडा

पटो न पटो, हे घडलंय. मंगल माझी सख्खी मावशी, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

ठिकाण, दिंद्रुडजवळची एक जिनिंग, मावशी तिथंच कामाला. वेळ, गेल्या पौषातली, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं.

कापसातून सरकी काढताना उडणारी बारीक धूळ थेट छातीत उतरते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. त्यावर बायांचा एकच इलाज... गूळ.

गूळ वाटायची सरस्वतीबाई. त्या धुळीत तिची बावीस वर्षं गेली.

"खा गं, धूळ खाली जाती," म्हणायची.

दोन आखूड खोकले, एक लांब, मग छातीतून शिट्टी. तिचा खोकला लांबूनही ओळखू यायचा. दिवाळीत ती वारली, आणि तिच्या जागेवर मावशीनं आपली लेक आरोही कामाला लावली.

त्या दुपारी वीज गेली. यंत्रं गप्प झाली. मावशीनं सहा जणींना गूळ दिला. सातवा खडा सरस्वतीबाईच्या नावानं कापसाच्या ढिगापाशी ठेवला.

सहाही तोंडांत गूळ.

आणि ढिगामागून...

दोन आखूड. एक लांब. मग शिट्टी.

मावशी धीर करून मागं गेली. कुणीच नव्हतं. फक्त कापूस दबलेला, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

ती परत आली, तर खडा जागेवर नव्हता.

आरोही बोटं चाटत होती.

"आई, तिथं पडला व्हता. खाल्ला मी. कावून?"

मेलेल्याच्या नावानं ठेवलेलं जित्या माणसानं खायचं नसतं.

त्याच दिवशी तिनं लेकीचं काम सोडवलं. पण आठ दिवसांत आरोहीला खोकला लागला. माजलगावच्या डॉक्टरांनी तिला यंत्रात फुंकायला लावलं. मग पुन्हा एकदा.

"जिनिंगमध्ये किती वर्षं?"

"दोन म्हैनेच झाले, सायेब."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले.

"बाई, खरं सांगा. ही छाती वीस-बावीस वर्षं धूळ खाल्लेली आहे."

परवा मी गेलो होतो. मावशी आता घरात गूळ ठेवत नाही. आरोही आत निजली होती.

दोन आखूड. एक लांब...

"धुळीत तिला मीच लावलं," मावशी हळूच म्हणाली. "आन् तो खडाबी मीच ठिवला."

आत शिट्टी वाजली. मला मान वर करवेना.