मिटलेली पानं

वांग्याच्या पानाच्या मागच्या बाजूला, सूक्ष्मदर्शकाखाली, चाळीस पर्णरंध्रं दिसत होती. सकाळी दहा वाजता, नुकतंच पाणी दिलेल्या झाडावर, ती सताड उघडी असायला हवी होती. चाळीसच्या चाळीस मिटलेली होती. आणि या झाडाला डॉ. वृंदा खरात यांनी जीवाणू लावलाच नव्हता.

वृंदाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला.

"फिरोज, बिनजीवाणूच्या वाफ्यातलंच पान आणलंस ना?"

"तिथलंच, मॅडम. दोनदा आणलं." सहकारी फिरोज मुलाणी हसला. "आपला द्वारपाल उड्या मारायला शिकला की काय?"

द्वारपाल हे जीवाणूचं त्यांनीच ठेवलेलं नाव. दुष्काळात झाड ज्या संदेशाने पानांची छिद्रं मिटतं, तोच संदेश हा जीवाणू देत राही. बाष्प उडत नसे. निम्म्या पाण्यात भाजी तगे. भरपूर पाणी मिळालं की त्याने मरावं, अशी त्याची रचना होती. तो मरत नाही, हे वृंदाने तीन आठवड्यांपूर्वीच पाहिलं होतं. आणखी एक चाचणी करू, मग सांगू, असं ती रोज स्वतःला समजावत होती.

"मिटल्या दारातून हवाही आत येत नाही," ती हळूच म्हणाली. "हवा नाही तर अन्न नाही. पाणी आतच राहतं, म्हणून पान टवटवीत दिसतं. झाड मात्र उपाशी मरतंय."

"पण हरितगृहात ना वारा, ना किडे. हा तिकडे गेला कसा?"

वृंदाची नजर पानाची छिद्रं किती उघडी आहेत ते मोजणाऱ्या रंध्रमापकाच्या चिमट्यावर गेली. पान चिमट्यात धरायचं, आकडा टिपायचा, पुढचं पान. झाडं बदलत, चिमटा तोच. तो नुसत्या कोरड्या फडक्याने पुसायचा, ओल राहिली तर आकडा चुकतो, हे तिनेच शिकवलं होतं.

फिरोजचं हसू मावळलं. "मॅडम, हाच चिमटा घेऊन, शेतांतली पानं मोजत, आपण अकरा गावं फिरलो. टोमॅटो, भेंडी, गवार..."

फोन वाजला. त्या अकरांपैकीच एका गावाच्या, वाकसेवाडीच्या, सरपंच पारूताई होत्या.

"बाई, तुमचा पायगुण बघा! एवढ्या उन्हात पान कोमेजत नाही. फुलं तेवढी गळतायत. शेजारगावचे रोपं मागायला आलेत, टेम्पो दारात उभाय. देऊ ना?"

वृंदाने चिमटा बाजूला ठेवला.

"देऊ नका, पारूताई. टेम्पो रिकामा पाठवा. आणि गावातली सगळी भाजी आजच उपटून जाळायची. त्या पानांवर एक जीवाणू बसलाय, तो माझा आहे, मीच आणला तिथे."