कडं चाळिसावर होतं

"मावशी, हे अजून चालतंय," असं म्हणून पाणबुड्याच्या बायकोनं सीलबंद पाकीट काउंटरवर ठेवलं. नवरा जाऊन सहा दिवस झाले होते. दवाखान्यानं दिलेलं पाकीट तिनं तसंच जपलं होतं, पण आतली टिकटिक तिला झोपू देत नव्हती.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशीच म्हणायची. मावशींनी पाकीट कापलं आणि घड्याळ लगेच ओळखलं. लष्करी थाटाचं धूड! जाड काच, अंधारात चमकणारे ठिपके, स्क्रूसारखी आवळायची चावी, आणि हातमोज्यांतूनही पकडता यावं म्हणून खाचा पाडलेलं बाहेरचं कडं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच त्याचा सेल बदलला होता.

"उद्या चौकशी संपते," बायको म्हणाली. "अहवालात लिहिलंय, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू'. त्यावर माझी सही हवीय त्यांना. मी मेले तरी करणार नाही."

"करूच नकोस. काय घडलं म्हणतात?"

"तलावाच्या पंपाची जाळी साफ करायला हे नऊ वीसला उतरले. टाकीतली हवा पंचेचाळीस मिनिटांची. दहा वाजून दहा मिनिटांनी वर काढलं, तेव्हा टाकी रिकामी आणि हे... पन्नास मिनिटं खाली राहिले म्हणे. मावशी, हा माणूस दूध उतू जाऊ द्यायचा नाही हो!"

ती घड्याळ उचलायला गेली.

"हात लावू नकोस!" मावशी ओरडल्या. त्यांनी भिंग लावलं. कड्यावरचा त्रिकोण चाळिसाच्या खुणेसमोर होता. त्यांनी आधी वेळ ताडून पाहिली. सेकंदाचाही फरक नव्हता. मग फोटो काढला.

"नऊ वीस कुणी लिहिलं?"

"सुपरवायझरनं. काठावर तो आणि दोरीवाला, दोघंच होते."

दुपारी दोघी दोरीवाल्याच्या घरी गेल्या. पाणबुड्याच्या कमरेची दोरी सांभाळणारा हा दांडगा गडी दार अर्धंच उघडून उभा राहिला.

"मला काही माहीत नाही."

"मी काही विचारलंय का अजून?" मावशी म्हणाल्या. "माणूस खाली असताना पंप चालू असतो?"

"छे! जाळीला चिकटून मरेल की. पंपाची किल्ली माझ्या गळ्यात असते. पंपघरातून सही करून आणतो, तेव्हाच माणूस उतरतो."

"टाकी कुणी दिली?"

"सुपरवायझर सायबांनीच."

"वर काढलंत तेव्हा तिचा काटा काय दाखवत होता?"

दोरीवाल्यानं बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "भरलेली."

"रिकामी टाकी, आणि काटा भरल्याचा?"

"बाई, मला दोन लेकरं आहेत," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघी चौकशीला गेल्या, तेव्हा खोलीत मागच्या बाकांवर सात-आठ पाणबुडे बसले होते, आणि कोपऱ्यात दोरीवाला. सुपरवायझर इस्त्रीच्या शर्टात, अगदी निवांत. मावशींनी घड्याळ चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवलं.

"साहेब, पाणबुड्या उतरताना हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. म्हणजे किती वेळ गेला ते एका नजरेत कळतं. त्रिकोण बघा. चाळीस."

अधिकाऱ्यानं नोंदवही पाहिली. "इथे तर नऊ वीस आहे."

"धक्का लागला असेल," सुपरवायझर हसला. "वर काढताना शिडीवर आपटलं. कडंच ते, फिरणारच."

"मग फिरवा," मावशी म्हणाल्या. "मी फोटो काढून ठेवलाय. घ्या ना! विसावर आणा, आणि तिथून सरळ पुढे चाळिसावर न्या."

त्यानं कडं मागे फिरवलं. कट् कट् करत ते विसावर आलं. मग पुढे ढकललं. कडं हललं नाही. त्यानं अंगठा लावला, मग दोन्ही हात. मानेपर्यंत लाल झाला.

"नाही फिरत ना? बापजन्मात फिरायचं नाही. हे घड्याळ घडवणाऱ्याला अक्कल होती. धक्का लागलाच तर कडं मागेच सरकतं, जास्त वेळ गेल्याचं दाखवतं. माणूस लवकर वर येईल, उशिरा कधीच नाही. विसाचं चाळीस व्हायला ते उलट्या बाजूनं चाळीस मिनिटं फिरून यावं लागेल. ऐंशी टिचक्या! शिडीवर ऐंशी वेळा आपटलंत काय माणसाला?"

मागे कुणीतरी शिवी हासडली.

"खाली गेल्यावर त्यानंच फिरवलं असेल," सुपरवायझर म्हणाला. आवाज चढला होता.

"वाटलंच होतं. साहेब, पंपघराची किल्लीवही मागवा. किल्ली बाहेर आल्याशिवाय माणूस उतरत नाही."

शिपाई वही घेऊन आला. अधिकाऱ्यानं वाचलं. "किल्ली दिली, नऊ पस्तीस."

"म्हणजे नऊ वीसला पंप धडधडत होता. यांनी आपल्या वहीतला आकडा बदलला. दुसऱ्या खात्यातही एक वही असते, हे काठावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला कुठून आठवणार? माणूस नऊ चाळीसला उतरला. तीस मिनिटांत पंचेचाळीस मिनिटांची टाकी संपली. कारण ती भरलेलीच नव्हती, आणि अडकलेला काटा भरली म्हणत होता."

"पुरावा काय?" सुपरवायझर ओरडला. "कुणी पाहिलं?"

"मी," दोरीवाला उठला. "टाकी कालची वापरलेली होती. वापरलेल्या टाकीला बांधतात ती लाल पट्टी सायबांनी माझ्यासमोर काढली. काटा अडकतो हे महिनाभर सांगत होतो आम्ही. काढा नोकरीवरून! आता मी गप्प बसणार नाही."

एकेक करत मागचे सगळे पाणबुडे उभे राहिले. सुपरवायझरनं दाराकडे पाहिलं. दारातही एक उभा होता.

अधिकाऱ्यानं अहवालातली ओळ खोडली, खाली काहीतरी लिहिलं आणि कागद पाणबुड्याच्या बायकोकडे सरकवला. "आता सही करायला हरकत नसावी."

तिनं कागद घेतला नाही.

"आधी मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे. उद्या पाण्यात त्यांना उतरायचंय."

अधिकारी उभा राहून वाचू लागला, "मृताची कोणतीही चूक नव्हती..."

"अजून मोठ्यानं," ती म्हणाली.